इथे कात्री नको

माझ्या डाव्या पायाचा अंगठा वर उचलेनासा झाला, तेव्हा पहिला संशय मी चपलेवर घेतला. मी पुढे जायचो आणि चप्पल मागे राहायची. म्हटलं, पट्टा सैल झाला असेल. नवी आणली, तीही मागे राहिली. मग संशय फरशीवर आणि फरशीवरून बायकोवर, की ही नेमकं कशाने पुसते कोण जाणे. ती म्हणाली, "अहो, जगावर संशय घेऊन झाला असेल तर एकदा स्वतःच्या कमरेकडे बघा. सहा आठवडे झाले, वाकलात की ओरडताय."

आता मी वाकणार नाही तर कोण वाकणार? आमचा धंदाच वाकण्याचा. मी कटर आहे. कोट, गणवेश, एप्रन, जे म्हणाल ते. टेबलावर कापड पसरायचं, खडूने आखायचं आणि कात्री चालवायची. कापतो मी, शिवतो धाकटा भाऊ. टेबल आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांचं, आणि मास्तर होते बुटके. धाकट्यालाही ते बरोबर बसतं, माझ्यापेक्षा वीतभर कमीच आहे तो. मी पडलो ताडमाड. एकतीस वर्षं त्या टेबलापुढे कमरेत मोडून उभा आहे. तक्रार नाही. त्या टेबलावर माझ्याशिवाय कुणी कात्री लावत नाही, एवढं मला पुरतं.

तर निघाली ती मणक्याची भानगड. कमरेतून कळ निघायची ती मांडीच्या मागून थेट पोटरीत. फोटो काढले, मशीनच्या बोगद्यात घालून ठोकाठोक ऐकवली, आणि मग आम्ही मणक्याच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. बाई चाळिशीच्या, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. मी माणसाचे हात आधी बघतो. हात बरे होते. बोलणं मात्र मला पटेना.

"चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकलीय," बाई म्हणाल्या. "तिचा एक तुकडा बाहेर येऊन डाव्या पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसलाय. दुखणं एक वेळ गोळ्यांनी थांबेल. पण अंगठ्यातली ताकद जातेय, तिचं काय? नस फार दिवस दबून राहिली तर ताकद परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

"म्हणजे उभं राहता येणार नाही?"

"पाऊल पडत जाईल. अडखळाल. दिवसभर उभं राहायचं काम अवघड."

बायकोने माझा हात धरला. आणि धाकटा, जो आमच्याबरोबर कशाला आला होता देव जाणे, पटकन म्हणाला, "मग करून टाकू या ना, दादा. लवकर करून टाकू."

बघा, कसा टपकन बोलला! मी तिथेच कान टवकारले. माझ्या मणक्याची गादी सरकली ती सरकली, पण दुकानातली गादी कुणाच्या नजरेत आहे, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं.

"कापणार किती?" मी विचारलं.

बाईंनी करंगळीचं नख दाखवलं. "एवढंच. बाजूने एक छिद्र, त्यातून पेनाएवढी नळी, नळीत दुर्बीण. पडद्यावर बघत बघत तो तुकडा चिमट्याने काढायचा. दुसऱ्या दिवशी घरी."

"न उसवता?"

"न उसवता."

हट्! कोटाच्या आत घातलेल्या जाड कॅनव्हासला सुरकुती पडली तर मला अख्खं अस्तर उसवावं लागतं. जो म्हणतो, न उसवता करून देतो, तो आत काही करतच नाही, वरून इस्त्री फिरवून देतो. असली गिऱ्हाइकांच्या डोळ्यात धूळ फेकणारी माणसं मी पाहिली आहेत. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

खरी ठिणगी पडली घरी. मी फोटोची मोठी काळी फिल्म खिडकीला लावून बघत होतो. मणक्याचा आडवा काप, आणि एका बाजूला तो बाहेर आलेला फुगा. कुठल्या बाजूला? उजव्या! दुखतोय डावा पाय आणि फुगा उजवीकडे.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी बायकोला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी फिल्म घेऊन पुन्हा दवाखान्यात. बाई चिडल्या नाहीत, त्याचाही मला संशय आला. त्यांनी कोपऱ्यात छापलेलं अक्षर दाखवलं आणि म्हणाल्या, "हा फोटो तुमच्या पायांकडून तुमच्याकडे पाहिल्यासारखा असतो. मी तुमच्यासमोर उभी असले तर तुमचा डावा हात माझ्या उजव्या बाजूला येतो ना? तसंच."

आता हे मला कळत नाही असं नाही. उलट, मलाच ते जास्त कळतं, आणि तीच तर भीती. कापडाला सुलटी बाजू असते आणि उलटी असते. आखतो आम्ही उलट्या बाजूवर, कापड पालथं घालून. पालथ्या कापडावर जे उजव्या हाताला दिसतं, ते सुलट केलं की डावं होतं. म्हणून आमच्या दुकानात नियम आहे: कापड पालथं असलं की दिसेल त्याच्या उलट बोलायचं. एकतीस वर्षं माझी जीभ तशी वळली आहे. पण शिकाऊ असताना एकदा नाही वळली. चाळीस कोट कापायचे होते, मी पॅटर्न उलटा करायचा विसरलो, आणि पुढच्या भागाचे ऐंशीच्या ऐंशी तुकडे कापले डावे. उजवा एकही नाही! मास्तरांनी ते तुकडे एकेक करून माझ्या हातात दिले आणि प्रत्येक वेळी विचारलं, "हा कुठला?" मी ऐंशी वेळा म्हणालो, "डावा."

कापडाचं ठीक आहे, नवं आणता येतं. माझा मणका कुठून आणणार?

त्यात दुकानासमोरच्या घड्याळवाल्याने भर घातली. हा दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसतो आणि दुसऱ्या डोळ्याने अख्ख्या गल्लीवर नजर ठेवतो. मी घरी झोपून होतो; उभं राहता येणार नाही या धास्तीने शेवटी होकार दिला होता, ऑपरेशनला तीन दिवस होते. तब्येत विचारायला आला आणि जाता जाता म्हणाला, "काल तुमच्या दुकानात सुतार आला होता. टेबलाची मापं घेत होता. तुमचा भाऊ म्हणत होता, दादा यायच्या आत झालं पाहिजे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादा यायच्या आत! म्हणजे मी इथे अंगठा उचलत नाही म्हणून रडतोय आणि हा तिकडे माझं टेबल स्वतःसाठी ठाकठीक करून घेतोय. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "भावजींना विचारा की सरळ." विचारतो कसला! चोराला कुणी विचारतं का, बाबा रे, चोरी करतोस का म्हणून? बाहेर आल्यावर बघून घेईन, म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाई स्वतः वॉर्डात आल्या. "कुठला पाय?" त्यांनी विचारलं. "डावा," मी म्हणालो. त्यांनी अंगठा तपासला, कागद बघितला, आणि माझ्या कमरेवर डाव्या बाजूला पेनाने बाण काढला. बायकोला दाखवलासुद्धा. तिने मान डोलावली.

बाई गेल्या आणि मला घाम फुटला. ही मंडळी मला पालथं झोपवणार. पालथं! फोटो उलटा, माणूस उलटा, आणि बाण एकच. घामाने नाही तर चादरीला घासून तो पुसला गेला म्हणजे? खडूचं आम्हाला माहीत आहे, सकाळी काढलेली रेघ संध्याकाळपर्यंत उडालेली असते, रोज नव्याने काढावी लागते. पेनाचा तरी काय भरवसा? आणि आत त्या बाईच असतील कशावरून? दुसराच कुणी हात चालवेल, ज्याला ना माझा पाय माहीत, ना मी.

माझ्या शर्टाच्या खिशात पक्क्या शाईचं पेन असतं, अस्तरावर नंबर टाकायचं. मी ते मुठीत लपवलं आणि संडासात गेलो. दाराला आतून कडी लावली. आरशाचा मुळीच भरवसा धरला नाही, उजवा हात मागे नेला आणि कमरेच्या उजव्या बाजूला चाचपून एक ठसठशीत फुली काढली.

फुलीचा अर्थ आमच्यात एकच. कापडात धागा तुटलेला असला, डाग असला, की त्यावर फुली मारतात. म्हणजे इथे कात्री नको. जगातला कुठलाही कटर फुलीवर कात्री लावणार नाही. पेन पुन्हा खिशात ठेवलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. म्हटलं, आता या कुठल्याही उलट्या-सुलट्याला मी भारी आहे.

आत थंडगार. मोठा दिवा, एक पडदा, चारपाच हिरवे झगे, सगळ्यांची तोंडं झाकलेली. मला पालथं झोपवलं, पोटाखाली उशा घातल्या. दंडात काहीतरी टोचलं. "झोप नाही लागणार," कुणीतरी म्हणालं, "जरा गुंगी येईल. तुम्ही जागे हवेत. पायात कळ आली तर सांगायचं." डोकं हलकं झालं, जीभ जड झाली. मागून झगा वर केला.

आणि सगळं थांबलं.

"मॅडम," सिस्टरचा आवाज आला, "इथे दोन खुणा आहेत. डावीकडे तुमचा बाण. आणि उजवीकडे फुली."

"फुली मी नाही काढली," बाईंचा आवाज. तो बाईंचाच होता, तेवढं मला कळलं. "कुणी काढली?"

हे मी सांगायला हवं होतं, पण जीभ तोंडात शिळ्या पावासारखी झाली होती. बाई वाकून माझ्या कानाशी आल्या. "काका, ऐकताय ना? कुठला पाय दुखतो तुमचा? डावा की उजवा?"

आता काय सांगू तुम्हाला! मी पालथा पडलेलो. डोक्यात धुकं. आणि त्या धुक्यात एकच गोष्ट लख्ख होती, एकतीस वर्षांची सवय. पालथं असलं की उलट बोलायचं. डाव्या पायात कळ होती, आणि मी अगदी स्पष्ट, ठासून म्हणालो, "उजवा."

बोललो आणि मला वाटलं, चला, बरोबर सांगितलं.

कुणीतरी हळूच म्हणालं, "फुलीही उजवीकडेच आहे."

तेव्हा कुठे धुक्यातून ते शब्द माझ्यापर्यंत पोचले, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ही लोकं फुलीला 'इथे' समजतायत! जिथे कात्री नको म्हणून मी स्वतःच्या हाताने खूण केली, तिथेच ती लागणार, आणि साक्षीला पुन्हा मीच! मी "नाही, नाही" म्हणायला गेलो, पण कशाला नाही तेच जुळेना. डावा म्हणू की उजवा? जे म्हणेन ते उलटं होत होतं. मास्तर समोर उभे, हातात तुकडा घेऊन विचारतायत, हा कुठला? खोटं कशाला सांगू, मी रडलो.

"सगळ्यांनी हात बाजूला," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण टेबलाभोवतीचे सगळे हात खरंच बाजूला झाले. "कागदावर डावा, फोटोत डावा, सकाळी डावा. आता उजवा म्हणतायत. ही फुली काय आहे ते कळल्याशिवाय मी सुई लावणार नाही. बाहेर कोण आहे त्यांचं?"

"बायको आहे. आणि भाऊ."

"भावाला दाराशी बोलवा."

भावाला! माझ्या मनात आलं, संपलं. ज्याने टेबलाची मापं घेतली, त्याच्या हातात आता माझा पाय.

धाकट्याचं आयुष्य शिलाई मशीनच्या खडखडाटात गेलंय, त्यामुळे तो कुठेही ओरडूनच बोलतो. दार अर्धवट उघडं होतं. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"फुली?" तो ओरडला. "उजवीकडे? अहो, फुली म्हणजे हात लावायचा नाही! आमच्यात फुली म्हणजे इथे कात्री नको! ती त्यानेच काढली असणार, त्याला कुणाचा भरवसाच नाही!"

"पण ते आता म्हणतायत, उजवा पाय दुखतो."

"पालथा झोपवलाय का त्याला?"

"हो."

"मग तो उलटंच सांगणार! कापड पालथं असलं की तो डाव्याला उजवं म्हणतो, आयुष्यभर तेच केलंय त्याने! डावा पाय, बाई, डावाच! महिनाभर मी त्याच्या मागून चालतोय. त्याची डावी चप्पल रस्त्यात राहते, ती मीच उचलून त्याच्या पायाशी ठेवतोय. त्याला वाटतं, त्याची त्यालाच सापडते!"

शेवटी त्याचा आवाज फाटला. मला वाटतं तो रडत होता. मशीनवाल्यांचं रडणंही मोठ्यानेच असतं.

बाई परत आल्या. "काका, दोन्ही पायांचे अंगठे गुडघ्याकडे ओढा. ओढा जोरात." उजवा ओढला गेला. डावा जिथल्या तिथे. बाईंनी फिल्म पुन्हा लावून घेतली, सिस्टरने कागद मोठ्याने वाचला, खोलीतल्या एकेकाने "डावा" म्हटलं. मग त्यांनी ओल्या बोळ्याने माझी फुली पुसायला सुरुवात केली. पक्की शाई, सहजी कसली जातेय!

"आम्ही फुली कधीच काढत नाही," पुसता पुसता त्या म्हणाल्या. "कुणी ती 'इथे' समजतं, कुणी 'इथे नको'. तुम्हाला शंका होती तर मला दहा वेळा विचारायचं, मी दहा वेळा सांगितलं असतं. माझ्या बाणाशेजारी स्वतःचं काम नाही काढून ठेवायचं."

मी पालथ्यापालथीच मान डोलावली.

पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. डाव्या कुशीकडे सुई, मग बधिरपणा, मग आत काहीतरी दाबल्यासारखं. मी एकदा ओरडलो, कळ गेली थेट अंगठ्यापर्यंत. "छान," बाई म्हणाल्या, "हीच ती नस." त्यांना छान वाटलं! आणि मग थोड्या वेळाने, कुणीतरी माझ्या पायावरचं जू उतरवावं तसं झालं. इतके आठवडे पोटरीत बसलेली ती कळ नव्हती. मी तिला शोधलं, ती खरंच नव्हती.

"तुकडा दाखवा," मी म्हणालो.

एका वाटीत दाखवला. ओल्या कापसाच्या धाग्यांसारखे दोनतीन पांढुरके तुकडे. एवढ्याने माझं एवढं केलं?

"हा माझाच कशावरून?" मी विचारलं. झग्यांमध्ये कुणीतरी खो खो हसलं.

दुसऱ्या दिवशी घरी. बायकोने पट्टी बदलताना मोबाइलवर फोटो काढून दाखवला, एकच टाका. मी बारकाईने बघितला. अंतर बरोबर, ताण बरोबर. त्यात मला खोट काढता आली नाही. फुलीचा मात्र निळा डाग पंधरा दिवस टिकला. बायको रोज तो बघायची आणि काही बोलायची नाही, ते जास्त झोंबायचं.

दुखणं गेलं. अंगठ्याचं, बाई म्हणाल्या होत्या तसं, सावकाश. रोज सकाळी पलंगावर बसून मी त्याच्याकडे टक लावून बघायचो. तिसऱ्या आठवड्यात तो बटणाच्या जाडीएवढा उचलला गेला. मी बायकोला हाक मारली. ती भिजल्या हातांनी धावत आली, आणि आम्ही दोघं म्हातारे एका अंगठ्याकडे बघत बसलो.

त्याच दिवशी मी दुकानात गेलो. बाईंनी परवानगी दिली होती, थोडा वेळ उभं राहायची. चप्पल मागे राहिली नाही. धाकट्याचं ते दाराशी ओरडणं मी विसरलो नव्हतो, पण सुतारालाही विसरलो नव्हतो. घरी रोज यायचा, टेबलाचं नाव काढायचा नाही. माणूस रडूही शकतो आणि टेबलही घेऊ शकतो. काय बोलायचं ते मी वाटेवर ठरवत गेलो. घड्याळवाल्याने भिंग वर करून मला बघितलं.

धाकटा खाली, जमिनीवर होता. चटई अंथरलेली, तिच्यावर गणवेशाचं निळं कापड, आणि हा गुडघ्यांवर रांगत कापत होता. हातात माझी नाही, त्याची छोटी कात्री. मला बघून उठला, गुडघे धरूनच उठला.

टेबल भिंतीशी होतं. चारही पायांना खालून लाकडी ठोकळे जोडलेले, चांगले वीतभर. मी पुढे झालो आणि सवयीने वाकायला गेलो, तर वाकावं लागेना. हात नुसते पुढे केले आणि ते टेबलावर टेकले.

"बाईंना विचारलं होतं," धाकटा म्हणाला, आणि एकदाचा हळू बोलला. "कोपराच्या जरा खाली यायला हवं म्हणाल्या. तुझी मापं काय, माझ्याकडे आहेतच."

"तुझा हात पोचतो का यावर?"

"मला कशाला पोचायला हवा?"

"म्हणून तीन आठवडे जमिनीवर कापतोयस?"

त्याने खांदे उडवले. "तिथे कोण कापणार? तुझं टेबल आहे."

टेबलाच्या मधोमध, जिथे मी उभा राहतो त्या जागी, पांढऱ्या खडूने फुली काढलेली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. खडूची होती. तीन आठवड्यांपूर्वीची असती तर तिचा मागमूसही उरला नसता. ही ठळक होती, कडा अजून कोऱ्या. त्याने ती आज सकाळी काढली होती. काल सकाळीही काढली असणार, परवाही. आणि मी घरी पडून रोज त्याला मनातल्या मनात चोर म्हणत होतो. मला माझीच इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"पूस ती," मी कसंबसं म्हणालो. "काम आहे."

"तूच पूस, दादा," तो म्हणाला. "फुली आहे तिथे मी हात लावत नाही."